बेंबळीचे पथक जळकोटला जाते

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बेंबळीच्या एका शाहिरी पथकाचे सरकारी अनुदान बंद झाले. दिवाळीच्या आत पथकातले तिन्ही झीलकरी (शाहिरामागे उभे राहून सूर धरणारे साथीदार) पोटापाण्याला बाहेर पडले. उरले दोघे. शाहीर सुमनबाई आणि ढोलकी वाजवणारे त्यांचे दीर दगडूमामा.

या दोघांबरोबर जळकोटला जायचे म्हणून मी धाराशिवहून सकाळच्या एसटीने बेंबळीला उतरलो. सोयाबीन निघून गेले होते. काळ्या रानात तूर तेवढी उभी होती. सुमनबाईंचे घर बुद्धविहाराच्या मागे आहे. अंगणातच त्यांनी माडगे (हुलग्याच्या पिठाचे पातळ, तिखट पेय) हातात दिले.

"अनुदान गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?" मी विचारले.

"मला कुठं काय मिळत होतं त्यातलं? ते झीलकऱ्यांच्या रोजाला होतं. माणूस काम सोडून गाण्याला उभा राहतो, तर त्याचा रोज कुणीतरी द्याय पायजे का न्हाय?"

दगडूमामांनी खिशातून मोबाईल काढला. जुन्या कार्यक्रमातली तिघांची झील त्यांनी त्यात भरून घेतली होती. "हे आमचे नवे झीलकरी. जेवाय मागत न्हाईत, रुसत न्हाईत."

"आन ऐकत बी न्हाईत," सुमनबाई म्हणाल्या.

बाकीच्या गावांची बोलावणी वर्षभरात थांबली होती. जळकोटच्या विहाराचा वर्धापनदिन एवढाच कार्यक्रम शिल्लक होता. तिथल्या समितीने पथक म्हणून बोलावले होते. पथक दिसले नाही तर हेही बोलावणे जाईल, असे सुमनबाईंना वाटत होते. जुन्या झीलकऱ्यांपैकी उत्तम जळकोटलाच हायवेवरच्या ढाब्यावर कामाला आहे. तो तासभर सुटला तर निभेल, हा एकच भरवसा.

तुळजापूरला गाडी बदलली. कंडक्टरने ढोलकीकडे बोट केले. "हिचं तिकीट?"

"लेकरू हाय, साहेब. मांडीवर घेतो."

"मग रडवू नका वाटेत."

नळदुर्ग मागे पडून जळकोट येईपर्यंत दगडूमामांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली नाही.

ढाब्यावर उत्तम टेबले पुसत होता. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "ताई, ह्याला तुमीच बिघडवलाय. गिऱ्हाईक पाणी मागतंय आन हा जी-जी-जी करून सूर लावतोय. लोकांना वाटतं चेष्टा करतोय."

"तोंडाला बसलंय, शेठ," उत्तम म्हणाला.

"तासभर सोडा त्याला," सुमनबाई म्हणाल्या.

"गर्दी सरली तर सोडतो. शब्द देत न्हाय."

आम्ही तिथेच शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. निघताना उत्तम हळूच म्हणाला, "ताई, विहिरीचं गाणं शेवटाला ठेवा. तवर येतोच."

विहिरीचे गाणे सुमनबाईंच्या सासऱ्यांनी रचलेले. वस्तीने स्वतःसाठी विहीर खणली, त्याची ती हकिकत. शाहीर विचारतो, "पाणी लागलं का?" झीलकरी म्हणतात, "न्हाय, जी!" किती वेळा न्हाय म्हणायचे, ते ठरलेले नसते. ऐकणारे गप्प झाले, पुढे सरकले, की शाहीर डफ छातीशी धरतो. त्या खुणेवर झीलकरी "लागलं!" म्हणतात. पथकात याला खडक फोडणे म्हणतात. मोबाईलमधला खडक दर वेळी तिसऱ्या न्हायनंतर फुटत होता.

कार्यक्रम ऊन कलल्यावर सुरू झाला. शेवटचे गाणे आले तरी उत्तमचा पत्ता नव्हता. दगडूमामांनी मोबाईल स्पीकरच्या पेटीला जोडला. पहिले कडवे झाले आणि एक म्हातारी ओरडली, "परत म्हन, बाई! माजा आजा हाय त्या गाण्यात!" सुमनबाईंनी कडवे पुन्हा घेतले. मोबाईल पुढेच चालला होता, त्याचे तिन्ही न्हाय कडव्याच्या मध्येच येऊन गेले आणि दगडूमामांचे दोन्ही हात ढोलकीवर होते. गाण्यातल्या माणसांच्या कुदळी अजून खांद्यावरच होत्या, तोच पेटीतून तिघे गरजले, "लागलं, जी!"

"खणायच्या आधीच?" मंडपातून कुणीतरी ओरडले.

"सरकारी विहीर दिसतीय!"

मंडप हसला. सुमनबाईही हसल्या. "बंद करा ते, भाऊजी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा विचारले, "पाणी लागलं का?" झील धरायला कुणीच नव्हते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले.

"न्हाय, जी!" मंडपाच्या कडेने आवाज आला. खांद्यावर ओले फडके घेऊन उत्तम उभा होता. तो पुढे आला नाही, तिथूनच साथ देत राहिला. हसणारे गप्प झाले. म्हातारी पुढे सरकून बसली. उत्तमचा फोन वाजला. त्याने तो बंद केला, पुन्हा वाजला. आणखी एकदा "न्हाय, जी!" म्हणून तो हायवेच्या दिशेने गेला. सुमनबाईंचा डफ तोवर छातीशी आला नव्हता. त्यांनी गाणे तिथेच थांबवले.

चहा देताना समितीचे सचिव म्हणाले, "ताई, पुढच्या साली तुमी एकट्याच या. मोबाईल तेवढा नीट भरून आणा, ढोलकीसकट. समितीलाबी हलकं पडतंय."

"इचारून सांगते," सुमनबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी विचारले, "पाणी तुम्ही एकट्यानं का नाही लावलं?"

"शाहिरानं नुसतं इचारायचं असतं," त्या म्हणाल्या. तुळजापूरला आम्ही उतरलो. तिथून ते दोघे बेंबळीकडे गेले. मी धाराशिवची गाडी धरली.

महिनाभराने सचिवांना फोन केला. सुमनबाईंनी एकट्याने यायला नकार कळवला होता. पुढच्या वर्धापनदिनासाठी समितीने उमरग्याच्या एका साऊंडवाल्याला रेकॉर्डवरची गाणी वाजवायला सांगून ठेवले आहे.