झमकू याडीनं शिकवलेला ढावलो

झमकूबाईला तेरजवळचा सारा लमाण तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. तिचा एक कायदा होता आणि तो निजामाच्या कायद्याहून कडक होता: बाजारात मराठी, पोलिसांपुढं उर्दू, तांड्यात फक्त गोरमाटी, लमाणांची आपली बोली. पाहुण्याच्या शेळीनंसुद्धा तांड्यात आल्यावर गोरमाटीतच ओरडावं, असं तिचं मत असावं.

आणि देवानं नात दिली ती नेमकी धाराशिवात वाढलेली! सोनकीची आई लवकर गेली. बाप तिथं जिनिंगवर राखणदार. पोरगी मराठी फडाफडा बोलायची, गोरमाटी जेमतेम. १९४४च्या उन्हाळ्यात तिचं लग्न जुळलं ईट गावाकडच्या तांड्यात. नवऱ्या मुलाचा आजा थावरा नाईक सोयरिकीचा गूळ खाता खाता म्हणाला, "पोरगी ग्वाड हाय, याडी. पर निघताना ढावलो आला न्हाय, तर आमच्या बाया तिला कोर म्हनतील."

गोर म्हणजे आपला, कोर म्हणजे परका. आणि ढावलो म्हणजे सासरी निघताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून रडत गायचं गाणं. ते जिला येत नाही ती गोराची लेक कसली! झमकूच्या वर्मी घाव बसला.

"धा दिसांत शिकवते," ती म्हणाली आणि नातीला घेऊन बसली.

नवरीच्या घागऱ्याला आरसे लावता लावता धडे चालत. एक आरसा, एक ओळ. सोनकी मराठीत विचारायची, झमकू गोरमाटीत सांगायची.

"ह्या गाण्यात बैल अन् मीठ कशाला गं, आज्जी?"

"आपल्या वाडवडलांनी हजार हजार बैलांवर मीठ लादून मुलूख पोसला. आगगाडी आली अन् बैल बसले. मंग ज्यांनी आपलं मीठ खाल्लं, त्यांनीच आपल्याला चोर ठरवून पोलिसांपुढं रोजची हजेरी लावली."

"मंग गाण्यात आगगाडीला शिव्या का न्हाईत?"

"घाल की तू!" झमकू हसून लोळली.

लग्न लागलं, निघायची वेळ झाली. सोनकीनं बापाच्या गळ्यात पडून ढावलो धरला, मग चुलत्यांच्या, मग मावश्यांच्या. शब्द एक चुकला नाही, पण डोळ्यांत टिपूस नाही! धडा पाठ झाल्याच्या आनंदात पोरगी चक्क खुशीत होती. ईटकडच्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. झमकूच्या ध्यानात आलं: सगळं शिकवलं, रडायचं शिकवायचंच राहिलं होतं.

शेवटी सोनकी आजीच्या गळ्यात पडली. तोंड उघडलं, पण पुढची ओळच येईना. एकदम मराठीतच हुंदका फुटला, "आज्जी, मला न्हाय जायचं! तुला सुई कोन ओवून दील?"

गळ्यात पडलेल्या नवरीला म्हातारीनं गाण्यातच उत्तर द्यायचं, अशी रीत. झमकूनं ढावलो लावला, आणि जन्मात पहिल्यांदा मराठीत लावला. ज्या मराठीत तिनं उभा जन्म भाजीच्या भावावरून भांडणं केली, त्याच बाजारी मराठीत, पोरीला शब्द न् शब्द कळावा म्हणून. चाल तेवढी जुनीच होती. दोघी एकमेकींना बिलगून अशा रडल्या की ईटकडच्या बायांनीही पदर डोळ्यांना लावले.

थावरा नाईक पागोट्याच्या टोकानं नाक पुसत ओरडला, "पानी आना रं कुनी! आमची सून रडून रडून सुकली!"

झमकूला ते 'आमची सून' ऐकू गेलं, आणि मग मात्र ती कुणालाच आवरेना.