काळ्या बॉनेटवरचे तणसाचे वळ

आधीच सांगून ठेवतो... मी भूतबित मानत नाही. माझ्या दुकानाला लिंबू-मिरची कधी लागली नाही आणि लागणारही नाही. या ग्रुपवर लोक चिंचेच्या झाडाच्या आणि रस्त्यात लिफ्ट मागणाऱ्या बाईच्या गोष्टी टाकतात, त्या वाचून मी पोट धरून हसतो. माझी गोष्ट भरदुपारची आहे आणि गाडीच्या पॉलिशची आहे. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप समजावी, मला काही फरक पडत नाही.

गोंदियात बालाघाट रोडवर माझं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. एकच शटर, आत एक गाडी मावेल एवढी जागा, तिन्ही बाजूंनी भिंत, खिडकी नाही. अठरा वर्षं हाच धंदा. पांढरी गाडी आली की मी शिट्टी वाजवत काम करतो आणि काळी आली की बायको म्हणते, आता चार दिवस यांच्याशी कोणी बोलू नका. खरंच आहे ते! काळ्या रंगावर काही म्हणजे काही लपत नाही. ट्यूबलाइटखाली गाडी आरसा दिसते, बाहेर उन्हात काढली की बारीक ओरखड्यांच्या जाळ्याच जाळ्या. एक ओरखडा काढायला जावं तर मशीनचा पॅड स्वतःचे चार ओढून ठेवतो. आणि रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे लॅकर, असतो कागदाएवढा. जास्त घासलं की संपला खेळ, सरळ पेंटिंगला पाठवा.

गेल्या मार्चमध्ये तेजराम त्याची काळी गाडी घेऊन आला. बिरसीच्या बाजूच्या गावचा, धानाची शेती आणि थोडा तांदळाचा व्यापार. बॉनेट पाहून माझं डोकंच फिरलं. गोल गोल ओरखडे, मुठीएवढे. तीन वेढे आणि मग एक ओढ खाली. पुन्हा तीन वेढे, एक ओढ खाली. सगळ्या बॉनेटवर हेच.

"कायनं पुसली बे गाडी? विटेनं?" मी विचारलं.

"तणसानं," तो म्हणाला. "बाबूजीनं."

मग त्याने सांगितलं. त्याचे वडील डोमाजी, जन्मभर बैल राखलेला माणूस. आमच्याकडे बैल धुताना धानाच्या तणसाचा, म्हणजे वाळल्या काड्यांचा, बोळा ओला करून अंग घासतात. पाठीवर गोल गोल हात, मग पायाकडे ओढ. घरचे बैल विकले, अंगणात गाडी आली, तर म्हातारा रोज सकाळी गाडीलाच घासायला लागला. मायेनं. धानाची काडी किती खरखरीत असते हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण बैलाला त्याचं काय! एक दिवस पाहुण्यांसमोर तेजराम ओरडला, "तो बैल नाही आहे बाबूजी! माह्या गाडीले हात लावू नका!" म्हाताऱ्याने बोळा टाकला आणि आत गेला. त्यानंतर अंगणातच आला नाही. आठव्या दिवशी झोपेतच गेला.

"भाऊ, उन्हात बसलो ना गाडीत, तं समोर तेच दिसते," तेजराम म्हणाला. "दोन महिने झाले, मी चालवली नाही. आज कशीबशी आणली. हे वळ काढून द्या. नाही निघाले तं विकून टाकतो, पण मग बाबूजीचा हात लागलेली ती शेवटची वस्तू बी गेली."

मी म्हटलं, काळी गाडी माझ्यावर सोड. छाती ठोकून म्हटलं.

दोन दिवस घासलं. आधी जाड कंपाउंड, मग बारीक पॉलिश. तिसऱ्या दिवशी दुपारी बॉनेट असं झालं की त्यात माझी दाढीची खुंटं मोजता आली असती. शटर ओढलं, कुलूप लावलं, मागच्या गल्लीतल्या घरी जेवायला गेलो. तासाभराने येऊन पाहतो... तीन वेढे, एक ओढ खाली. सगळीकडे.

आता ग्रुपवरचे जाणकार लिहितील, "भाऊ, पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसलं होतं, ते उडालं की ओरखडे परत दिसतात." अरे बाबांनो, हे तुम्ही मला शिकवणार? अल्कोहोलनं पुसून, उन्हात काढून, मोबाइलवर फोटो घेऊन मगच गाडी आत घेतली होती मी! फोटो आजही आहेत, ज्याला पाहायचे त्याने दुकानात यावं.

तेव्हा मात्र मी स्वतःलाच शिव्या दिल्या. म्हटलं, पॅडमध्ये कचकच राहिली असेल. नवे पॅड आणले, फरशी धुतली, पुन्हा घासलं. पुन्हा जेवायला गेलो आणि पुन्हा तेच. मग आणखी एकदा घासलं आणि कुलूप बदललं. नव्या कुलपाची चावी खिशात ठेवून जेवलो. तिसऱ्यांदाही तेच, आणि वर वायपरखाली तणसाची एक ओली काडी. माझ्या दुकानात तणीस कुठून येणार? मी काय गोठा चालवतो?

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त राग आला. लॅकरची जाडी मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे, ते लावलं. आता फक्त एक हात, तोही हलका. त्यानंतर मशीन लावलं की रंगच उघडा पडणार. शेजारचा टायरवाला म्हणाला, एखादा जाणता मांत्रिक बोलाव, नाहीतर गाडी जशी आहे तशी देऊन मोकळा हो. मी म्हटलं, हट! तेजरामच्या अंगणात पुन्हा असंच झालं तर त्याने कोणाकडे जायचं? जे व्हायचं ते माझ्या दुकानात होऊ दे.

शेवटचा हात मारला. जीव मुठीत धरून, अगदी अलगद. बॉनेट पुन्हा चकचकीत झालं. मग बादलीभर स्वच्छ पाणी ठेवलं, पाकीट फोडून नवा मायक्रोफायबरचा कपडा त्यावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभा राहिलो.

"हे पाहा काकाजी," मी म्हटलं, "तुम्ही असाल तं ऐका. नसाल तं मी येडा, काही हरकत नाही. तुम्ही कायले माह्या मेहनतीवर पानी फिरवून राहिले? तीन डाव झाले! गाडी पुसाची हाय ना तुम्हाले? पुसा! कोनी नाही म्हनत नाही. पन तणसानं नका पुसू. बैलाच्या कातडीले चालते, इले नाही चालत. हा कपडा घ्या. ओला करा. हात सरळ मारा, गोल नाही. दाबू नका. माती लागली का कपडा पान्यात खंगाळा, पिळा, मग पुन्हा लावा. तुमच्या पोराले घासलेलं दिसते न् तो रडते. समजलं?"

मागून आवाज आला, "अजी, काऊन गाडीसंग बोलून राहिले?"

बायको डबा घेऊन उभी होती. मला घरी यायला उशीर झाला म्हणून स्वतःच आली होती. मी काय सांगणार? म्हटलं, "गिऱ्हाईक हाय." तिने कपाळाला हात लावला. मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि दोघं बाहेरच्या बाकड्यावर जेवायला बसलो. शटरला पाठ टेकून. बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ पायलटचं विमान घरघरत डोक्यावरून गेलं, एवढाच आवाज. आतून काही नाही.

अर्ध्या तासाने शटर उचललं. बॉनेट ओलं होतं. पाण्याचे थेंब काचेपासून खाली सरळ रांगांत, एकीला लागून एक. मी दिवा लावून, वाकून, एका डोळ्याने, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. एक ओरखडा नाही. कपडा धुऊन, घट्ट पिळून बादलीच्या काठावर टाकलेला. बादलीतलं पाणी जरासं गढूळ.

"तुम्हीच पुसून ठेवली असन," बायको म्हणाली.

"मी तं तुह्यासंग जेवून राहिलो होतो ना!"

ती गप्प झाली. माझी बायको गप्प झाली, हाच मला अर्धा पुरावा वाटतो.

संध्याकाळच्या आत तेजराम आला. मी त्याला काही सांगणार नव्हतो. पण बायकोच्या पोटात काही राहत नाही, तिने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा एकतर भडकेल किंवा हसेल. तो बाकड्यावर बसला.

"सरळ हातानं पुसली?" त्याने विचारलं.

"सरळ."

"मी बी असं सांगतलं असतं तं ऐकलं असतं ना भाऊ त्यायनं. दोन मिनिटं लागली असती. मी नुसता ओरडलो." आणि मोठा माणूस, रोडवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडला. मीही डोळे पुसले. हे लिहायची मला लाज नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधलं, विचारलं, डोकं खाजवलं, आजपर्यंत मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मात्र आधी एकदा काळी गाडी घासून पाहा आणि मग मला शिकवा. भुताखेतांवर माझा विश्वास अजूनही बसलेला नाही. एवढंच म्हणतो की अठरा वर्षांत शेकडो जिवंत गिऱ्हाइकांना मी हे समजावलं, गाडी गोल पुसू नका म्हणून. पहिल्याच खेपेला ऐकणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं.

गाडीत बसण्याआधी तेजरामने मला बादली भरायला लावली. म्हणाला, मलाही दाखवा कसं पुसायचं ते. मी दाखवलं. त्याने अख्खी गाडी स्वतःच्या हाताने पुसली, सरळ, न दाबता. मग नाक ओढत काउंटरवर आला आणि म्हणाला, "भाऊ, दोन कपडे द्या. एक मले."

मी दोन दिले.