साडूच्या कॅमेऱ्यावरची खिडकी

"कोणी हलू नोका, सारे दिसून राह्यले, बैलासकट," साडू अंगणाच्या टोकाहून ओरडत होता. कॅमेऱ्याच्या टाळूवर बसवलेल्या चिमुकल्या काचेला त्याने डोळा असा चिकटवला होता की तो सोडवायला आता लोहारच बोलवावा लागणार, असं मला वाटलं.

आर्वीजवळच्या गावी सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना पोळ्याला बोलावलं होतं. तोवर त्या घरचा फोटोवाला मी. माझ्या डब्बा कॅमेऱ्याने सासूबाईंचा असा फोटो निघाला होता की एका पाहुण्याने त्याला हार घातला, आणि लगेच सासूबाई आतून चहा घेऊन आल्या.

आणि आता हा धाकटा साडू जुना जर्मन कॅमेरा गळ्यात घालून उतरला. त्याच्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन सावल्या दिसायच्या. त्या एकावर एक आणल्या की अंतर जुळलं. तेवढं मी गिळलं असतं. पण वरच्या खाचेत त्याने नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली आणखी एक खिडकी सरकवली होती. अंगठ्याएवढी, चांदीसारखी.

"यातून अख्खी आर्वी मावते, दादा," तो म्हणाला.

मी डोळा लावला. मेली, मावत होती. अंगण, कडुनिंब, गोठा, आणि बारा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन चुलत सासरेसुद्धा तिच्यात गुण्यागोविंदाने उभे. सारं घर त्या काचेपुढे रांगेत, माझ्या डब्ब्याला कोणी विचारेना. बैलालाही दाखवली असती, पण त्याची शिंगं आड आली.

सासऱ्यांशेजारची खुर्ची थोरल्या जावयाची, म्हणजे माझी. मी बसलो नाही. रुसून पार कडेला, गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. रुसलेल्या जावयाची मनधरणी करायची, हा आमच्याकडचा कायदाच. सासऱ्याने पागोटं सावरत यायचं, मेहुण्याने दंड धरायचा, जावयाने दोनदा नाही म्हणायचं. माझे दोन्ही नकार तोंडात तयार होते.

कोणी आलं नाही. बायकोने तेवढं विचारलं, "तिकडं उनात काऊन उभे राह्यले?"

"मले इथंच बरं वाटते."

"राहू द्या, दादाही दिसते," साडू काचेतून म्हणाला. सासऱ्यांनी माझ्या खुर्चीवर आपली काठी ठेवली.

दिवाळीत साडूच फोटो घेऊन आला. सगळे वाकले. मधोमध सासरे, आणि खुर्चीत काठी, तिच्या गाठी मोजाव्यात इतकी स्पष्ट. डावीकडे बैल, वशिंडापर्यंत. मागचं धड गायब. उजवीकडे एक कोपर. ते माझं.

साडूने डोकं खाजवलं. ती खिडकी रुंद दृश्य घेणाऱ्या वेगळ्या भिंगासाठी असते म्हणे. भिंग महाग पडत होतं, म्हणून याने नुसती खिडकीच आणलेली. खिडकीला आर्वी दिसत होती; कॅमेऱ्याला अंगणाचा मधला तुकडा.

माझ्या अंगावर असं मांस चढलं की सदऱ्याची गुंडी उडून थेट अनारशाच्या ताटात पडली. आता याचा कॅमेरा गेला फडताळात आणि माझा डब्बा आला अंगणात. मी त्या कोपरावर बोट ठेवलं.

"मामाजी, आता तुमीच सांगा. घरचा थोरला जवाई कुठं हाय यात?"

सासऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"बैलाचं तोंड आलं ना," ते म्हणाले.