एकटी जाते का?

“बाजारात एकटी जाते का?” मी फोनवर विचारलं.

“नाई जी,” मैनाबाईंची सून म्हणाली.

“शेतात? जंगलात?”

“एकटी नाई जात. आमी संगं राहतो.”

मी तीन लिहिलं.

मी फिजिओथेरपिस्ट. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा मारला, की आमचे डॉक्टर जांघेतून बारीक नळी घालून ती गुठळी ओढून काढतात. वेळेत निघाली तर माणूस वाचतो. पण नुसतं वाचणं पुरत नाही. तीन महिन्यांनी तो कसा जगतोय हे बघून स्कोअर द्यायचा असतो. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. दोनपर्यंत रिझल्ट चांगला धरतात, कारण तो माणूस स्वतःचं स्वतः करतो. तीन म्हणजे मदत लागते. छापील प्रश्न विचारायचे हे फोन माझ्याकडे होते.

लांब जंगलातल्या आलापल्लीकडच्या पेशंटना मी बहुतेक तीन, चार असेच देत होतो. गुठळी काढणाऱ्या आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, अर्थ लावला, की रस्ता लांब, पोचेपर्यंत मेंदूचं व्हायचं ते नुकसान होऊन जातं.

मग एका दुपारी तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला. धानाची शेती करणारे शामराव, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. निघाले तर वेळेत पोचले असते. सरांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “तिकडचे तीन महिन्यांनी कसे असतात?”

“बहुतेक तीन किंवा वर, सर.”

“तिथेच ठेवा,” सर फोनमध्ये म्हणाले. “एवढं लांब आणून फायदा नाही.”

पुढे सरांनी मैनाबाईंची फाइल माझ्यासमोर टाकली. “हिची नस पूर्ण उघडली होती. चालत घरी गेली. मग तीन कसे?”

आलापल्लीला आमचं शिबिर होतं, तेव्हा मैनाबाईंच्या गावी गेलो. मोहफुलं वेचायचे दिवस होते. चारपाच बायका टोपल्या घेऊन जंगलातून येत होत्या. सगळ्यात पुढे मैनाबाई, डोक्यावर भरलेली टोपली.

“तुमाले मदत लागते ना?” मी विचारलं.

“कायची मदत?”

“सून म्हणाली, एकटी जात नाही.”

त्या बाकीच्या बायकांकडे वळल्या. “आयकलं का व? भाऊ म्हणते एकटी काऊन नाई जात!” मग मला म्हणाल्या, “वाघ आहे ना जी. मले काय येड लागलं एकटं जाले? माह्या सुनेले तरी विचारा, ते जाते का एकटी!”

बायका हसत सुटल्या. मीही हसलो. मी ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढलेला. तिथे बाजारात एकटंच जातात. वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या मी रोज चहासोबत वाचत होतो. तरी छापील प्रश्न जसाच्या तसा विचारत राहिलो.

परत येऊन सरांना सांगितलं.

“म्हणजे वाघामुळे माझे रिझल्ट खराब?”

“वाघामुळे नाही सर, माझ्यामुळे. शामरावांच्या वेळी मी जे सांगितलं, तेही चूक होतं.”

सर म्हणाले, “सगळे परत बघ. फोनवर नाही, घरी जाऊन.”

प्रत्येक रविवारी मोटरसायकल काढली. बरेच जण तीनचे दोन झाले. काही चारच राहिले. एकाचा भाऊ फोनवर “मस्त आहे” म्हणाला होता, म्हणून मी एक दिला होता. त्याला शर्टाची बटणंही लावता येत नव्हती. त्याचे तीन केले. एकूण हिशेबात तिकडचे पेशंट शहरातल्यांपेक्षा फार मागे नव्हते. सरांनी स्वतः तिकडच्या डॉक्टरांना फोन केला. “पाठवत जा. आधी कळवा, आम्ही तयार राहतो.” आता ॲम्ब्युलन्स येतात.

शामरावांच्या घरी मी सगळ्यात शेवटी गेलो. ते खाटेवर होते. त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. आणलं असतं तर ते बरे झालेच असते, असं मी म्हणणार नाही. पण आणायला हवं होतं, आणि ते माझ्या शब्दामुळे राहिलं. एवढं सांगायला मला वर्ष लागलं.

त्या ऐकत होत्या. “मंग आता काऊन आले?”

“व्यायाम शिकवायला.”

“मंग शिकवा,” त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पाठीमागे हात घालून त्यांना उठवून बसवलं.

महिन्यातून दोनदा जातो. शामराव आता धरून उभे राहतात. स्कोअर चारच आहे.

फोनचं काम आता दोन नवीन मुली करतात. त्यांना शिकवताना मी सांगतो, कोणी “नाई” म्हटलं की लगेच आकडा लिहायचा नाही. आधी “काऊन?” विचारायचं.