तुपाचा डबा आणि सागवानी पेटी

नागपूरच्या महाल भागात तेव्हा रेडिओ दुरुस्त करणारे सहा जण होते. त्यांतला खरं बोलणारा एकच, आणि गिऱ्हाईक सगळ्यांत कमी त्याच्याकडेच. चंपतराव भोयर. रेडिओ उघडायचा, आत फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "काही बिघडलं नाही गा, धूळ होती. ने घरी." मी शाळेतला कारकून, सुट्टीत त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून फुकटचा पेपर वाचायचो. किती वेळा सांगितलं, बाबा, निदान एखादा व्हॉल्व्ह बदलल्याचं नाटक तरी कर. तो म्हणे, "मले जमत नाही." अशा माणसाशी मैत्री करणं हाही एक तापच असतो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याला एक कल्पना सुचली. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून रेडिओ ऐकला तर माणूस शिजतो, आणि कूलर लावला तर त्या घरघरीत बातम्या सांगणारी बाई काय म्हणते ते देवालाच ठाऊक. चंपतरावाने कामठीच्या लिलावातून फौजेचे जुने हेडफोन आणले. लोक तेव्हा ट्रान्झिस्टर घेऊन व्हॉल्व्हचे थोरले रेडिओ भंगारात देत होते, त्यांतले चांगले काचेचे व्हॉल्व्ह वेचले. दोन व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर वनस्पती तुपाच्या चौकोनी डब्यात बसवला. तो रेडिओला जोडायचा, हेडफोनची पिन त्यात खोचायची, आणि कूलरसमोर बसून खुशाल भजनं ऐकायची. डबा मात्र असा तापायचा की अर्ध्या तासाने कूलर आणखी जवळ ओढावा लागे. मग घरघर वाढे, मग आवाज वाढवावा लागे, मग डबा आणखी तापे. तरी कोणाची तक्रार नव्हती.

लकडगंजात आरा मशीन आणि लाकडाची वखार असलेले महादेवराव हे पाहायला आले. साठीचे, धिप्पाड, आणि बोलणं असं की रस्त्यावरचा सायकलरिक्षावाला आपल्यालाच हाक मारली म्हणून थांबायचा. डबा पाहून त्यांनी नाक मुरडलं. "मी तुपाच्या डब्यातून गाणं ऐकू? हे घे माझं सागवान. पेटी कर!"

चंपतरावाने पेटी केली. पितळी बटणं लावली, पॉलिश मारलं, आत मात्र तेच दोन व्हॉल्व्ह. ती पाहून इतरांनीही मागितली. सुतार आणि पितळ धरून पेटी डब्याच्या चौपट महाग पडे, आणि चंपतराव प्रत्येकाला बजावून सांगे, "आतलं दोन्हींत सारखंच आहे. जास्तीचे पैसे लाकडाचे."

ऐकतो कोण! महादेवराव गावभर सांगत सुटले की पेटीत आणि डब्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग सगळ्यांनाच तो ऐकू यायला लागला. एक जण म्हणे, "डब्यातला तबला पलीकडच्या गल्लीत वाजते, पेटीतला मांडीवर." गल्लीतले सर्वांत वडील दादाजी तर म्हणाले, "डब्यातलं गाणं ऐकलं का मले तहान लागते." मीही दोन्ही ऐकले. मला काडीचा फरक कळला नाही, पण चारचौघांत मी मान डोलावली. अजून लाज वाटते.

चंपतराव मात्र आतून धुमसत होता. त्याने खरं सांगितलं की लोक डोळे मिचकावत, पेटीतलं गुपित लपवतो म्हणत. बायको पंचफुला म्हणाली, "अजी, लोक चांगलं म्हणून राहिले तं म्हणू द्या ना! तुमचं काय जाते?"

"माझं खरं जाते वं," तो म्हणाला.

आणि एक दिवस भरल्या वखारीत, आरा चालू असताना, सगळ्या मंडळींसमोर तो तडकला. "डोळे बांधून ऐका महादेवरावजी! दहा वेळा ओळखलं, पेटी का डबा, तं मी जन्मात रेडिओ खोलाले पेचकस हाती धरणार नाही. पंचफुलाची शपथ!"

महादेवरावांनी तोंडातलं पान घोळवत नुसती होकारार्थी मान हलवली. मोठी माणसं अशीच मान हलवतात, असं आम्हाला वाटलं. त्या रात्री पंचफुला जेवली नाही. दुसरा कोणता धंदा नवऱ्याला येतच नव्हता.

शपथेचं सोडून बाकी खेळाची रीत मी चिठ्ठीवर लिहून महादेवरावांकडे धाडली, आणि रविवारी सकाळी वखारीत मंडळी जमली. दीडशे माणसं असतील, आणि ऐकणार एकटा. असा जलसा नागपुरात ना आधी झाला ना नंतर. दादाजी आणि मी पंच. दादाजींनी महादेवरावांच्या डोळ्यांवर उपरणं आवळलं, मी कानांवर हेडफोन चढवले. चंपतराव कधी पेटी, कधी डबा त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवी, दुसरा आत नेऊन झाकी. व्हॉल्व्ह तापून आवाज यायला मिनिटभर लागे. तेवढं दीडशे माणसं श्वास रोखून एका माणसाच्या मिशा बघत.

पहिल्या खेपेला महादेवराव म्हणाले, "पेटी." बरोबर. मग "डबा." तेही बरोबर. तिसऱ्या, चौथ्या वेळीही चूक नाही. लोक टाळ्या पिटू लागले. चंपतरावाचा चेहरा पांढरा पडला. पाचव्या खेपेला तर व्हॉल्व्ह तापायच्या आधीच, म्हणजे हेडफोनमध्ये चिडीचूप असताना, महादेवराव ठेका धरून म्हणाले, "वा! पेटी!" दादाजींनी निवाडा दिला, की खरा जाणकार असाच, आवाज निघायच्या आधी ओळखतो.

सातव्या खेपेला स्टूल सरकवताना हेडफोनची पिन निसटली आणि महादेवरावांच्या मांडीवर पडली. मी पाहिली. चंपतरावानेही पाहिली. महादेवराव मान डोलावत म्हणाले, "डबा. साफ डबा."

चंपतराव त्यांच्याकडे बघतच राहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझं मनगट असं दाबलं की दोन दिवस दुखत होतं. जिंकला होता गडी! पिन उचलून दाखवायची, बस्स. त्याने ती गुपचूप परत खोचली. उरलेल्या तीन खेपाही महादेवरावांनी ओळखल्या आणि चंपतराव हात जोडून म्हणाला, "हरलो."

त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं. लोकांनी महादेवरावांना हार घातला. मला असा राग आला की घरी जाताना मी त्याच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. चंपतराव पायरीवर बसून होता, मी समोरच्या बाकावर, आत पंचफुला व्हॉल्व्ह जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवत होती. अकराच्या सुमारास महादेवराव रिक्षातून उतरले. आम्हा दोघांना आत घेऊन त्यांनी दार लोटलं.

"पिन माझ्या मांडीवर पडली होती," ते म्हणाले. "समजलं मले. तू काहून नाही बोलला?"

चंपतरावाने त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

"तीस वर्षं आऱ्याजवळ उभा आहो. कान गेले. सागवान तापलं का त्याचा वास येते, मले तो झोपेतही समजते. तुझा डबा तापला का तूप वास मारते, आणि एकदा तापले का दोन्ही लवकर निवत नाही. त्याच्यावरून सांगत होतो. घरी कानावर हे घालून बसलो का कोणी बोलाले येत नाही, म्हणून तं घेतलं. मालक बहिरा झाला असं समजलं तं पुतणे उद्याच गादीवरून उठवतील मले." आणि मग, "काल माहीत असूनही तू माझी लाज राखली. आता दुकान उघड."

चंपतराव त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडला, "नाही जमत! शपथ घेतली आहे!"

"कायची शपथ?"

"पंचफुलाची! तुमच्या वखारीत! तुमच्यासमोर!"

महादेवरावांनी दार सताड उघडलं आणि बाहेर पायरीवर गेले. समोर दादाजी होते, पानवाला होता, आणि नेमका त्यांचा मोठा पुतण्याही काकाला शोधत आला होता. महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या रिक्षा थांबवणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "ऐका रे सारे! मी बहिरा आहो. ठार बहिरा. या चंपतने माझ्यासमोर शपथ घेतली म्हणते. मले तं ऐकूच नाही आली. ज्याच्यासमोर घेतली त्याच्यापर्यंत पोचली नाही, ते कायची शपथ?"