तेरवीच्या दिवशीचा पाठ

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पाचवीत बसले. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन नावाचा एक प्रकार असतो. एकाने सहा मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्या भावी शिक्षकांनी पाचवीतली मुलं व्हायचं. माझ्या मुलीच्या वयाच्या वर्गमैत्रिणी मला काकू म्हणायच्या, आणि शिकवायला उभ्या राहिल्या की हळूच सांगायच्या, "काकू, तुम्ही ढ मुलगी व्हा ना. तुम्हाला छान जमतं." मला खरंच छान जमायचं. गुडघे तेवढे बाकात मावायचे नाहीत.

हौस म्हणून गेले नव्हते. घराजवळच्या एका खासगी शाळेत बारा वर्षं मी नुसत्या पदवीवर सहावीला विज्ञान शिकवत होते. एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं, "बी.एड. करून या मॅडम. दोन वर्षं तुमच्या जागी कुणालातरी तात्पुरतं घेते. त्यानंतरच्या जूनला तुमच्या हातात कागद नसला, तर माझा नाइलाज आहे."

कॉलेजात गेल्यावर कळलं की बारा वर्षं मी शिकवलं ते सगळं चुकीच्या पद्धतीने. पाठाचं आधी टाचण काढायचं असतं. डाव्या रकान्यात शिक्षक काय विचारणार, उजव्या रकान्यात विद्यार्थी काय उत्तर देणार. म्हणजे मुलं भेटायच्या आधीच मुलांची उत्तरं आपण लिहून मोकळं व्हायचं. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' हेसुद्धा आपणच लिहायचं. आणि उत्तर आलं रे आलं की शाबासकी द्यायची: छान, बरोबर, शाब्बास, बस. याला प्रबलन म्हणतात. मागच्या बाकावरचा निरीक्षक त्याच्या खुणा मोजत असतो. माझ्या नेहमी कमी भरायच्या.

म्हणून घरी सराव. घरातला विद्यार्थी एकच, बाबा. मी एकुलती एक, त्यामुळे आई-बाबा आमच्याच घरी, खालच्या खोलीत राहायचे. बाबांनी उमेदीची वर्षं उमरेडला हातमाग चालवला होता. पुढे माग मोडीत निघाला आणि ते नागपुरात येऊन चौकीदार झाले. माझा वार्षिक पाठ, म्हणजे बाहेरच्या परीक्षकापुढे द्यायचा शेवटचा पाठ, नेमका 'धागे आणि कापड' यावर होता. बाबा खाटेवर मांडी घालून बसायचे, हाताची घडी घालून.

"कपडा कशापासून बनतो?"

"कापसापासून."

"शाब्बास. कापूस कुठून येतो?"

"नरखेडहून. तुह्या मामाच्या वावरातून."

"बाबा, नुसतं शेतातून म्हणा."

"काहून? मामाचं वावर शेत नोहे काय वं?"

मग शेवटचा प्रश्न. "कापड कशावर विणतात?" उजव्या रकान्यात उत्तर होतं, मागावर. बाबा म्हणायचे, "पाठीवर."

"बाबा!"

"मंग काय तं. बावीस वर्सं विनलं मी. माग आपला उभा राहे, विने तं पाठच."

आतून आईच्या हसण्याचा आवाज यायचा.

"हे टाचणात नाही, बाबा."

"मंग लिही ना टाचनात."

मी लिहिलं नाही. परीक्षकाला काय सांगणार?

थंडीत बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि चार वाजता चहाला हाक मारली तर उठले नाहीत. मला काही झालं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, तक्रारही करत नाही. रडू येईल म्हणून मी पदर हाताशी ठेवला होता, तो कोरडाच राहिला. लोक भेटायला यायचे, मी सतरंजी झटकायचे, पाणी द्यायचे. शेजारचे काका डोळे पुसत म्हणाले, "लय सज्जन मानूस होता." मी म्हटलं, "बरोबर. बसा."

हे दोन-तीनदा झालं. शेवटी आत्या आईच्या कानाशी लागली, पण आत्याची कुजबुज रस्त्यावर ऐकू जाते. "हिले काही धक्का-बिक्का बसला काय वं?"

"नाही," आई म्हणाली. "बी.एड. करून राहिली ते."

तेरवी आणि वार्षिक पाठ एकाच दिवशी आले. कॉलेजात फोन केला. तिथले बाबू वाईट नव्हते, पण म्हणाले, "परीक्षक एकच दिवस येतात मॅडम. नाहीतर पुढच्या वर्षी द्या." पुढच्या वर्षी म्हणजे जून गेला, आणि जूनबरोबर माझी सहावी गेली.

आत्या म्हणाली, "बापाच्या तेरवीले पोरगी शाळेत? लोकं काय म्हनतीन?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाय वं तू. पंगत एक वाजता बसते. तंवर येशील."

गेले. सराव शाळेतली सहावी माझ्या ओळखीची होती, महिनाभर मी त्यांना शिकवलं होतं. मागच्या बाकावर परीक्षक, पांढऱ्या मिशांचे, टाचणाची प्रत मांडीवर घेऊन. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि पहिला प्रश्न विचारला. "कपडा कशापासून बनतो?"

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही नेहमी बरोबर उत्तर द्यायची, म्हणून तिलाच उठवलं. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुमचे बाबा वारले का?"

उजव्या रकान्यात हे नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं. "शाब्बास. बस."

ती बसली. मी दुसऱ्या मुलाला विचारलं, तो म्हणाला कापसापासून. कापूस कुठून येतो? शेतातून. सगळं रकान्याबरहुकूम चाललं होतं. शेवटचा प्रश्न विचारून मी नियमापेक्षा जरा जास्त थांबले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. "कापड कशावर विणतात?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मागावर."

तास संपल्यावर परीक्षकांनी शेरा दाखवला. अनपेक्षित प्रतिसाद न डगमगता हाताळला, प्रबलन उत्तम. "पास आहात, काळजी नको," ते म्हणाले. मग हळूच, "कधी झालं हे?"

"आज तेरवी आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग थांबू नका. जा तुम्ही घरी."

पोचले तेव्हा पहिली पंगत बसली होती. चप्पल काढून मी थेट वरणाची बादली उचलली. आई भाताच्या पातेल्याशी होती.

"झाला?"

"झाला. पास म्हणाले. नोकरी राहते."

"बरं झालं." तिने पानावर भात घातला, मी त्यावर वरण. चार पानं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "कापड कशावर विनते म्हने पोट्टे?"

"मागावर."

आई थांबली. भातवाढी तशीच हातात.

"मंग चुकलं वं त्यायचं," ती म्हणाली.

मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. आत्या पलीकडून ओरडली, "वरन इकडं वाढ वं!" आणि मी बादली घेऊन पुढच्या पानाकडे गेले.