अक्काला पडून राहायला शिकवताना

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. पडून विश्रांती कशी घ्यावी यावर लिहिणारा मी कोण? डॉक्टर नाही, योगाचा शिक्षक नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळं काय लिहावं आणि काय आपल्यापाशी ठेवावं हे विचारायला घरात कुणी नाही. घडलं तेवढं सांगतो. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं घर गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, एका वाडीत आहे. मी भोरला राहून शिकतो. पहिल्या वर्षी आम्हाला योगाचा तास होता. तास संपत आला की मॅडम सगळ्यांना सतरंजीवर उताणं पडायला सांगायच्या. पायाची बोटं आवळा, सोडा. पोटऱ्या आवळा, सोडा. असं करत कपाळापर्यंत यायचं. पोरं हसायची, एखादा घोरायचाही. मला मात्र तिथं कळलं की मी दाढा कायम एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. त्या सोडल्या तेव्हा परीक्षेचा आणि इंग्रजीचा विचारही थोडा वेळ सुटला. हे औषध आहे असं मी म्हणत नाही. मला बरं वाटलं, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला आंबवड्याकडं दिली आहे. तिचं बीपी वाढलेलं होतं. भोरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आईला समोर बसवून सांगितलं, की गोळ्यांबरोबर हिला विश्रांती पाहिजे. दिवसाही डाव्या कुशीवर पडून राहू द्या, जिवाला घोर लावू नका. बीपी असंच चढत गेलं तर हिलाही धोका आणि बाळालाही. उपकेंद्रातल्या सिस्टर अधूनमधून घरी येऊन बीपी बघणार होत्या.

अक्का पडायची, पण कशी पडायची ते मी सुट्टीत घरी आल्यावर पाहिलं. पाय आखडलेले, एका मुठीत पदर, मान जराशी उचललेली. दारात आबांचा, आमच्या वडिलांचा, खोकला आला की उठून बसलीच. आमच्याकडं मोठं माणूस घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खोकतं, आतल्या बायामाणसांना सावरून बसता यावं म्हणून. सासरी ती सासऱ्यांच्या खोकल्याला उठत आली होती. माहेरी लेकीला तेवढं बंधन नसतं, पण अंगाला सासर-माहेर कळत नाही.

“अक्का, तू पडलीयास का पळायच्या तयारीत हायेस?” मी विचारलं.

“पडलीये की. आता काय जमिनीत शिरू?”

मी तिला मॅडमच्या तासाचं सांगितलं. आई दाराशी तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, “कालिजात झोपायला शिकवत्यात व्हय? मग आपली म्हस न शिकताच पास हाय.”

“गप गं आई,” अक्का म्हणाली. “एवढा शिकलाय, तर कुणावर तरी चालवू दे त्याला.”

मी आधी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, उताणं नको, डावी कूसच बरी. आणि आवळायला लावू नकोस, नुसतं सोडायला सांग. मग गुडघ्यांच्या मधे गोधडीची घडी दिली, पाठीशी दुसरी लावली. तिला अवघडायला नको म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसायचो आणि सांगायचो, तळपाय सोड, पोटऱ्या सोड, मांड्या सोड. तिथवर ठीक चालायचं. हाताशी आलं की अडायचं. बाहेर चप्पल वाजली की उघडलेली मूठ पुन्हा मिटायची.

मग मी एक युक्ती काढली. आबांना म्हणालो, “आबा, तुमी दारात न्हाई, लांब खळ्यापासनंच खोकत या. म्हंजी तिला दचकून उठायला नको.” आबांना ते पटलं. कॉलेजातल्या पोरानं सांगितलंय म्हणून जरा जास्तच पटलं. पण दिवस भात झोडायचे. खळ्यावर भुसाची धूळ, तिथं न खोकणारा माणूस कोण? आधी अक्काला दारातला खोकला ऐकावा लागे, आता ती पडल्यापडल्या सगळं खळं ऐकू लागली. सिस्टर आल्या तेव्हा बीपी आणखी चढलेलं होतं. त्या आईला म्हणाल्या, “आता डॉक्टरांना दाखवून या. आणि हिला पडून म्हणजे पडूनच राहू द्या.”

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. दाखल करायची वेळ येऊ शकते, असंही सांगितलं. घरी परतल्यावर जेवताना अक्काच बोलली. “आबा, तुमी खोकू नका.”

“मग कसा येऊ? चोरावानी?”

“चोरावानी या, न्हाईतर पावन्यावानी या. मी उठनार न्हाई.”

आबा भाकरी मोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्काला पोटऱ्यांपर्यंत आणलं होतं, तेवढ्यात आबा आत आले. खोकले नाहीत. अक्का तरी कोपरावर उठायला लागली. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, “पडून ऱ्हा.” मग त्यांनी कोपऱ्यातली घोंगडी ओढली आणि दाराकडं तोंड करून स्वतःच आडवे झाले. सुगीच्या दिवसांत भर दुपारी आबांना आडवं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“मला बी सांग रं, काय काय सोडायचं ते,” ते म्हणाले.

मी पुन्हा तळपायांपासून सुरुवात केली. आबांची बोटं विळ्याच्या मुठीला इतकी सरावली आहेत की पुरती सरळ होत नाहीत. खांद्यापर्यंत येईस्तोवर ते घोरायला लागले. अक्का हसली, आणि हसता हसता गप झाली. मी मागं वळून पाहिलं. तिचा हात गोधडीवर उघडा पडला होता. तिला झोप लागली होती. आई दारातून बघून गेली आणि सूप न वाजवता उचलून मागच्या अंगणात घेऊन गेली.

त्यानंतर आबा रोज दुपारी यायचे, पडायचे आणि आधी झोपायचे. पुढच्या खेपेला सिस्टर आल्या तेव्हा बीपी थोडं उतरलेलं होतं. बदललेल्या गोळ्यांनी उतरलं की पडण्यानं, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, दोन्ही चालू ठेवा.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. आईआबा अक्काला जीपनं भोरला घेऊन गेले. जनावरांमागं कुणीतरी पाहिजे म्हणून मी राहिलो. वाडीत मोबाईलला रेंज नसते. टेकाडावर चढून फोन लावला, आबांनी उचलला नाही. दुपारी घरी येऊन अक्काच्या जागेवर पडलो आणि स्वतःलाच सांगत गेलो, तळपाय सोड, पोटऱ्या सोड. काही जमलं नाही. तिचं बीपी किती असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेवटी उठलो, शेळ्यांना पाला टाकला, धारा काढल्या आणि किटली घेऊन खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

दुधाचा टेम्पो उशिरा आला. टेम्पोवाले काका खाली उतरले नाहीत, खिडकीतूनच बोलले.

“तुझ्या बापाचा फोन आलता मला मार्गासनीत. तुझा लागंना म्हनं. पोरगी झाली. अक्काचं बीपी ताब्यात हाय, बाळबाळंतीण दोघी सुखरूप. आता झोपलीया, उद्या बोलंल म्हनं तुज्याशी.”